गालाला लागणारा उजेड

खोली दाखवायच्या आधी काकांनी माझ्या मोबाइलचा चार्जर मागितला.

मी तेल्हाऱ्याची. पहिली नोकरी भातकुलीच्या तालुका कचेरीत लागली आणि राहायला अमरावतीत खोली हवी होती. तोवर तीन घरं पाहून झाली होती. एका घरी जात विचारली, दुसऱ्या घरी मटण खाते का ते विचारलं, आणि तिसऱ्या घरची मालकीण माझ्या लग्नाचं काय ठरलं यावर तासभर बोलत बसली. त्यामुळे चौथ्या घरात मी सगळी उत्तरं पाठ करूनच शिरले होते. तर या गृहस्थांनी नाव-गावही न विचारता हात पुढे केला.

त्यांनी चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावला. मग एक जुना ट्रान्झिस्टर आणला. त्याचं मागचं झाकण रबर लावून बसवलेलं होतं. दोन स्टेशनांच्या मधे, जिथे नुसती खरखर असते तिथे काटा ठेवून त्यांनी तो चार्जरजवळ नेला. ट्रान्झिस्टर एकदम गिरणीसारखा घरघरायला लागला. काकांनी मान हलवली.

"भांडखोर हाये हा," ते म्हणाले. "माणूस कसाही चालते मले. हा नाई चालत."

दुसऱ्या दिवशी मी नवा चार्जर घेऊन गेले. तो ट्रान्झिस्टरजवळ धरला तेव्हा नुसती कुरकूर झाली. काकांनी किल्ली दिली. मी बाहेर येऊन आईला फोन केला आणि सांगितलं, खोली मिळाली, माणूस जरा सरकलेला आहे, पण त्रासाचा वाटत नाही.

तीन वर्षं राहिले मी तिथे.

काका एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तीस-बत्तीस वर्षं तिथेच. स्वतः मॅट्रिकला दोनदा नापास झालेले, पण कोणती भिंगं कोणत्या खोक्यात, कोणत्या मीटरचा काटा खोटं बोलतो, हे फक्त त्यांना ठाऊक. सर लोकांनी फळ्यावर शिकवलं, मी कपाटातून शिकवलं, असं ते सांगायचे, आणि त्यात खोटं काही नसावं, कारण रस्त्यात पन्नाशीचे इंजिनियर गाडी थांबवून त्यांच्या पाया पडताना मी पाहिलेत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर, आणि रुमालात गुंडाळलेला एक काचेचा लोलक. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी शाल-नारळ दिला, त्यांनी तो टवका उडालेला लोलक मागून घेतला.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं. जगात जे जे आहे ते सगळे दिवेच आहेत. सूर्य दिवा, हे आपल्याला पटतं. पण तवा लाल होण्याच्या कितीतरी आधीपासून दिवा असतो, म्हशीचं पोट दिवा असतं, मे महिन्यात पश्चिमेची भिंत सूर्य बुडाल्यावरही दिवाच असते. आपले डोळे तेवढे अडाणी, त्यांना त्यातला चिमूटभर उजेड दिसतो. एकदा त्यांनी टीव्हीचा रिमोट माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला एक जांभळट ठिणगी लुकलुकत होती. मी इतकी वर्षं रिमोट वापरते, तो माझ्या घरात उजेड पाडतो हे मला माहीत नव्हतं.

माणूस म्हणजे शंभराचा बल्ब, हे त्यांचं आवडतं. नुसता खुर्चीत बसलेला माणूस शंभराच्या बल्बाएवढी ऊब बाहेर टाकत असतो म्हणे. एकदा कचेरीत साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं म्हणून मी तोंड पाडून घरी आले. काकांनी कारण ऐकून घेतलं आणि सांत्वन केलं ते असं की साहेबही शंभराचाच आहे आणि तूही शंभराचीच, व्होल्टेज कधी कमी-जास्त होतं एवढंच. यावर माणूस काय रडणार?

पण खरी डोकेदुखी होती ती घरातल्या बल्बांची.

सगळं अमरावती पांढऱ्या एलईडीवर गेलं होतं, आणि काकांच्या घरात तारेचे जुने, पिवळे, साठ वॅटचे बल्ब. तेही छताला नाही. प्रत्येक दाराच्या चौकटीला, एका बाजूला, जेमतेम चार-साडेचार फुटांवर लोंबणारे. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाताना माझ्या हनुवटीला चटका बसला. दिवसाढवळ्या बल्ब चालू, चाळीसच्या वर पारा गेला तरी चालू. लोक कूलर लावून घर थंड करत होते आणि आमच्या घरी कूलर आणि बल्ब यांची कुस्ती चालायची. कारण विचारलं तर काका म्हणायचे, मले पिवया उजेड आवडते. वेड्याला कारण विचारू नये, म्हणून मी परत विचारलं नाही.

काकूंविषयी आधी सांगायला हवं होतं, पण काकूंचं कळायला मलाच चार दिवस लागले. त्या भातकुलीकडच्या, माहेरी फुलांचा मळा. आमच्या घरी रोज सकाळी टोपलीभर शेवंती यायची आणि काकू ओट्यावर बसून हार ओवायच्या, बोलता बोलता, न बघता. मला वाटलं, सवय. चौथ्या दिवशी मी नवी साडी नेसून त्यांच्यापुढे उभी राहिले आणि कशी दिसते विचारलं. त्या हसल्या. "मले काय दिसते वं? पदर दे हातात." पदर चिमटीत चोळून त्यांनी सांगितलं की सूत चांगलं आहे, पण पहिल्या धुण्याला रंग जाईल. गेलाही.

काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते, पाचेक वर्षांपूर्वी. पूर्ण. पण घरात अशा वावरायच्या की पाहुण्यांना पत्ता लागत नसे. भाकरी टाकताना तव्यावर तळहात धरून तो तापला का ते बघायच्या. ट्रान्झिस्टरची खरखर जरा बदलली की ओट्यावरून ओरडायच्या, मोरीतली ट्यूब कोणी चालू ठेवली म्हणून. एकच गोष्ट त्यांनी मला बजावून सांगितली. पुण्याला असलेल्या मुलाचा फोन आला आणि तो आईच्या डोळ्यांचं विचारायला लागला, तर थोडं-थोडं दिसतं म्हणायचं.

यात काय दडलं होतं ते लगेच कळलं. मुलगा वाईट नव्हता, उलट रोज फोन करणारा, जीव लावणारा. म्हणूनच भीती होती. आईला अजिबात दिसत नाही हे कळलं असतं तर त्यानं दोघांना उचलून अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलं असतं. काकू एकदा महिनाभर तिथे राहून आल्या होत्या. त्या महिन्यात त्या पलंगावरून बाथरूमपर्यंत आणि बाथरूमवरून पलंगापर्यंत, एवढंच चालल्या, आणि तेही सुनेचा हात धरून.

वीज गेली की काकांचं आणखी एक वेड निघायचं. हातातलं काम टाकून ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहायचे. नुसते उभे. हात थोडा बाहेर काढून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. वीज येईपर्यंत कधी पाच मिनिटं, कधी तासभर. मी मैत्रिणींना याची नक्कल करून दाखवायची. सगळ्या हसून लोटपोट व्हायच्या.

गल्लीत मात्र त्यांना मान होता, आणि तो त्या ट्रान्झिस्टरमुळे. उन्हाळ्यात घरोघरी गच्चीवर कुरड्या-पापड वाळत घातलेले असायचे. काका ओट्यावर ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसायचे. लांब कुठे वीज कडाडली की तिची लाट आधी त्या खरखरीत उमटते, टचक, टचक. आकाश निळंभोर असतानाही. टचकारे जवळ जवळ यायला लागले की काका रस्त्यात येऊन हाळी द्यायचे, उचला. बायका धावायच्या, आणि तासा-दीड तासात अवकाळी पाऊस हजर. एकदा असंच त्यांनी उचला म्हणून गल्ली गोळा केली, सगळ्यांनी ओल्या कुरड्या घरात नेल्या, त्यांचा लगदा झाला, आणि ढगाचं नाव नाही. मग उमगलं की कोपऱ्यावर त्याच दिवशी वेल्डिंगचं दुकान सुरू झालं होतं. समोरच्या वानखडेबाई पुढे महिनाभर त्यांना रोज विचारायच्या, काहो, आज वेल्डिंग पडनार हाये काय? काका शांतपणे सांगायचे, आज कोरडं हाये.

जुने बल्ब मिळेनासे झाले तशी त्यांची वणवण वाढली. कुठे धामणगावला एका दुकानाच्या माळ्यावर सहा निघाले, कुठे अकोल्याला चार. ते आणायला स्वतः जायचे आणि एसटीत मांडीवर पिशवी धरून यायचे. पिशवीत सरकीसकट कापूस, कापसात बल्ब. मला हसू यायचं, आणि थोडा रागही. चांगला चांदण्यासारखा एलईडी मिळत असताना हा म्हातारा गरम गोळे गोळा करत फिरतो, आणि काकू बिचाऱ्या उकाड्यात बसतात.

म्हणून त्या दिवाळीत मी स्टूल धरलं.

मुलगा एकटाच आला होता, बायको तिच्या माहेरी गेलेली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी काका बल्ब आणायला अकोल्याला गेले, आणि त्यांची पाठ वळताच मुलानं एलईडीचे नवेकोरे दिवे काढले. बाबांना सांगून ते ऐकणार नाहीत, आईला निदान नीट दिसेल, असं त्याचं म्हणणं. आई पूर्ण आंधळी आहे हे मला माहीत होतं, मी सांगू शकत नव्हते, आणि खरं सांगायचं तर ते गरम बल्ब एकदाचे जाताहेत याचा मला आनंदच झाला होता. मी म्हटलं, चला, मी स्टूल धरते. तासाभरात त्यानं चौकटीतले सगळे बल्ब काढून दिवे छताला बसवले. घर लख्ख झालं.

काकू मागच्या अंगणातून चिवड्याचं ताट घेऊन आल्या. मधल्या खोलीत चार पावलं टाकली आणि थांबल्या. मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे. गाल पुढे करून, काहीतरी हुंगावं तशा.

"लाइन गेली काय?" त्यांनी विचारलं.

"नाही आई, लागलाय ना लाइट. बघ किती लख्ख."

"हो रे," काकू म्हणाल्या. "लख्ख हाये." आणि दोन पावलं पुढे येऊन त्या सरळ कपाटावर आदळल्या.

ताटाचा आवाज माझ्या कानात अजून आहे. मला त्या एका क्षणात सगळं कळलं, पिवळा उजेड, चार फुटांवरचे बल्ब, वीज गेल्यावर दारात शिक्षा भोगत उभे राहिलेले काका. मी इतके दिवस ज्याची नक्कल करत होते तो माणूस बल्बाच्या जागी उभा राहत होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

मुलालाही कळलं, पण अर्धंच. आईला काहीच दिसत नाही, एवढंच. तो खाली बसून चिवडा गोळा करायला लागला.

काका पाचच्या सुमारास आले. दारातच त्यांनी छताकडे पाहिलं, कोपऱ्यात सारलेल्या चिवड्याकडे पाहिलं, काकूंच्या कपाळावरच्या टेंगळाकडे पाहिलं. कापसाची पिशवी हळूच पलंगावर ठेवली. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. काका म्हणाले, बोललो. मुलगा म्हणाला की आता ऐकणार नाही, भाऊबीज झाली की दोघांनी पुण्याला चलायचं. काकू म्हणाल्या, "तथल्या भिंती मले वयखत नाईत, बाप्पा."

"इथल्या तरी कुठे ओळखतात, आई? आत्ता धडकलीस ना?"

काकांनी माझी ओढणी मागितली आणि मुलाच्या डोळ्यांवर घट्ट बांधली. म्हणाले, ज्या घरात जलमला त्याच घरात चालून दाखव, स्वयंपाकघरात जा, मागच्या दाराला हात लाव, परत ये. मुलगा चिडला होता, पण निघाला. पलंगाला गुडघा लागला, नळाच्या हंड्याला ठेच लागली, आणि शेवटी तोही त्याच कपाटाला जाऊन भिडला.

काकांनी पिशवीतले बल्ब काढले, त्यांना चिकटलेला कापूस फुंकून उडवला, आणि चौकटीतल्या मोकळ्या होल्डरांत एकेक बसवला. मग बल्ब तापेपर्यंत आम्ही सगळे थांबलो, तो डोळे बांधलेलाच. त्या वेळात काकांनी त्याला सांगितलं. आई आंधळी झाली तेव्हा तीन महिने एका भिंतीशी बसून होती. एक दिवस ती म्हणाली, ऊन खिडकीतून भिंतीवर आलं, गालाला कळलं. प्रयोगशाळेत पोरांना दाखवायचो ना, तांबड्या रंगाच्या पलीकडे काही दिसत नाही तिथेही थर्मामीटर चढतो. तोच उजेड. एलईडी सगळं डोळ्यालाच देतो. हा जुना बल्ब डोळ्याला थोडं देतो आणि बाकी सगळं गालाला.

"उजव्या गालाले लागलं की सैपाकघर," काका म्हणाले. "डाव्याले लागलं की मांगचं दार. चाल आता, हयू हयू."

या वेळी तो सावकाश निघाला. मधल्या खोलीत अडखळला, मान वळवली, अगदी आईसारखी, आणि उजवीकडे वळून स्वयंपाकघरात शिरला. तिथून मागच्या दारापर्यंत गेला, कडीला हात लावला, परत फिरला. हंड्याला या वेळीही ठेच लागलीच, पण दारं सगळी सापडली. पुढच्या खोलीच्या मध्यावर आला आणि थबकला. तिथे दार नव्हतं, बल्बही नव्हता.

"इथे एक आहे," तो म्हणाला. "बारका आहे. उजव्या गालाला लागतोय."

त्यानं चौकट शोधायला हात वर केला आणि त्याच्या हातात मनगट आलं. काकू त्याच्या गालापासून बोटभर अंतरावर तळहात धरून उभ्या होत्या.

त्यानं ओढणी सोडली नाही. तसाच उभा राहिला. आल्यापासून तो आई, आई करत होता, पुणेरी. आता म्हणाला, "माय." काका म्हणाले, "शंभराचा हाये थो. नीट धर." मी मागच्या अंगणात जाऊन पोटभर रडले.

भाऊबीज झाल्यावर मुलगा एकटाच गेला. जाण्याआधी त्यानं प्रत्येक बल्बाला चटका बसू नये म्हणून तारेची जाळी लावली आणि वीज गेली तरी बल्ब चालू राहावेत म्हणून इन्व्हर्टर बसवून दिला. तो गेल्यावर काकांनी टेस्टर काढला आणि इन्व्हर्टरची एक तार सोडवली, स्वयंपाकघराच्या बल्बाची. काकूंनी विचारलं, काहून? तर म्हणाले, सगळं त्यानंच केलं तर मी कायले हावो?

पुढे माझी बदली तेल्हाऱ्याला झाली. सुरुवातीला दर महिन्याला जायची, मग सणावाराला, मग नुसते फोन. या वर्षी तर आठ महिन्यांत एकदाही गेले नाही, आणि त्याला कारण सांगण्यासारखं काही नाही. मागच्या आठवड्यात इथल्या एका हार्डवेअरच्या दुकानात साठाचे पाच बल्ब सापडले. दुकानदारानं धूळ पुसता पुसता विचारलं, कोंबडीची पिल्लं पाळली काय ताई, उबेसाठी? मी हो म्हटलं. पाचही कापसात गुंडाळून अमरावतीला जाणाऱ्या एका सहकाऱ्यासोबत पाठवले, आणि मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

काल काकूंचा फोन आला. बल्ब पोचले, एकही फुटला नाही, काका एकेक लावून पाहताहेत, मागे ट्रान्झिस्टरची खरखर ऐकू येत होती.

"काहून वं," काकू म्हणाल्या, "साठाचे पाच धाडून राहिली, अन् शंभराचा तथीच ठेवून राहिली?"

उद्या सकाळच्या एसटीनं निघते आहे.